कलम ४.३

अंबडच्या शेडमध्ये, दुपारी तीनला,
खैरनार साहेबांनी माझा मसुदा टेबलावर परत टाकला.
द्राक्षांच्या शीतगृहाचं दार, पानं बावन्न.
लाल पेन्सिलीने कोपऱ्यात आकडा:
'पाहिजे' दोनशे चौदा वेळा.
"एवढ्या वेळा तर माझी नातसुद्धा म्हणत नाही," ते म्हणाले,
"गंगेवर फुगेवाला दिसला तरी."

मग खुर्ची ओढून बसले.
रंग राखाडीच पाहिजे? का?
पिवळ्या दारामागे द्राक्षं नासतात?
खोड.
मूठ एकशे साठ मिलिमीटरच पाहिजे?
पंचावन्न झाली तर कोणाचं अडलं?
'असावी' लिही,
आणि नसेल तर कारण लेखी मागव.
बिजागरीला कुठलं ग्रीस, तिथे 'चालेल'.
पण एकदा 'चालेल' म्हटलंस
की नंतर नाक मुरडायचं नाही.
सगळ्याच ओळी ओरडायला लागल्या
तर वेल्डर कानात बोळे घालतो, पोरी.

साडेपाचपर्यंत एकतीस उरले.

मी म्हटलं, सर, आपली भाषाच अशी.
लग्नपत्रिकेत छापतात 'अगत्य येण्याचे करावे',
न आलेल्याला दंड होत नाही.
यावे, व्हावे, नांदावे:
अर्धा हुकूम, अर्धा आशीर्वाद.
सिन्नरचा ठेकेदार त्यातला आशीर्वाद ठेवून घेतो
आणि हुकूम परत पाठवतो, बिलासकट.

ते हसले नाहीत.
एकोणिसावं पान उघडलं.
मी लिहिलं होतं:
'दार आतून उघडता यावे.'

"पिंपळगावचा निरभवणे माहीत आहे?"
नव्हता.
फेब्रुवारी. क्रेट मोजायला आत गेला.
बाहेरून कोणीतरी खिटी लावली
आणि चहाला गेलं.
चाळीस मिनिटं.
शून्य अंश, मिट्ट काळोख, चौदा टन थॉमसन.
आतल्या बाजूला मूठ नव्हती.
कागदावर होती. 'असावी' अशी होती.
बनवणाऱ्याने आठशे रुपये वाचवले.
निरभवणेही वाचला, तो भाग वेगळा.
चौकशीत विचारलं, तुमचं म्हणणं काय?
टोपी हातात फिरवत म्हणाला,
आतून उघडलं असतं तर बरं झालं असतं.

"बरं झालं असतं," साहेब पुन्हा म्हणाले.
"हा शब्द आपल्या पान दोनच्या तक्त्यात नाही.
तक्त्यातला एखादा ढिला पडला
की मग हा येतो."

ती 'असावी' कोणी लिहिली होती, सर?

त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.
टोक होतं आधीच.
तरी काढत राहिले,
लाल भुसा पान एकोणीसवर पडत राहिला.

मी लिहिलं:
दार आतून, बाहेरची खिटी लागलेली असतानाही,
उजेडाशिवाय, एका हाताने
उघडलेच पाहिजे.
बत्तिसावा.
त्यांनी त्याखाली सही केली,
एरवी ते फक्त शेवटच्या पानावर करतात.

जानेवारीत पहिलं दार तयार झालं.
पिवळंच निघालं, कोणी हरकत घेतली नाही.
मी स्वेटर घालून आत गेले,
म्हटलं, लावा.
खिटीचा आवाज आला, मग काहीच नाही.
थंडी आधी दातांना कळली.
भिंत चाचपली. मूठ हाताला लागली,
आखूडच होती जरा.

लगेच दाबली नाही.
उभी राहिले, निरभवणेएवढी नाही,
पण मिनिटभर तरी.
तेवढ्यात त्याला काय काय मोजावं लागलं असेल.

मग दाबली.
बाहेर साहेब उभे होते, घड्याळ हातात धरून.
टेबलावर त्यांचा चहा
साय धरून बसला होता.